अकरा नावांचं रजिस्टर

१

"रोज पार्किंगपर्यंत जा, रोज परत या. माझ्या गुडघ्यांना विचारलंय का कुणी? ते काय कॉलेजनं बसवून दिलेत?"

पुस्तकांच्या रॅकपलीकडून आलेली ही कुरकुर मॉसीची होती. मॉसी हा किलमोरा कॉलेजचा पोर्टर. दारं उघडणं, दारं लावणं आणि उरलेल्या वेळात गुडघ्यांबद्दल बोलणं, ही त्याची कामं. रॅकच्या अलीकडे प्रमोदिनी जमिनीवर मांडी घालून एका जाडजूड पुस्तकाची सुटलेली पाठ चिकटवत बसली होती. तिला हसू आलं. बावन्नाव्या वर्षी तिचेही गुडघे बोलायला लागले होते, फक्त ते मराठीत बोलत असल्यामुळे कॉलेजात कुणाला कळत नव्हतं.

नवरा पद्माकर चिप बनवणाऱ्या प्लांटमध्ये नोकरीला लागला, म्हणून ती ठाण्याहून ल्यूकन या आयरिश उपनगरात आली होती. घरात बसून कंटाळल्यावर लायब्ररीतल्याच एका पुस्तकातून बायंडिंग शिकली, आणि तीन वर्षांपूर्वी त्याच जोरावर किलमोराच्या लायब्ररीत चिकटली. अक्षरशः डिंकाच्या बाटलीसकट.

किलमोरा हे स्वतःला विद्यापीठ म्हणवून घेणारं खासगी कॉलेज. ल्यूकनच्या वसाहती जिथे संपतात, तिथे एका जमीनदाराचा जुना बंगला, बंगल्याला टेकून सत्तर सालातल्या पत्र्याच्या खोल्या आणि समोर गेल्या पाच वर्षांतल्या तेजीत उगवलेली काचेची इमारत. पुढच्या शनिवारी कॉलेजला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. १९६४ साली फिंटन डेलाहंट नावाच्या एकतीस वर्षांच्या मास्तरनं अकरा विद्यार्थी जमवून ते सुरू केलं. त्या अकरा जणांची नावं असलेलं पहिलं रजिस्टर समारंभात काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. फुलस्केप वहीएवढं, हिरव्या कापडी बांधणीचं, वर सोनेरी अक्षरं.

नोव्हेंबर २००४मधल्या त्या सोमवारी सकाळी साडेनऊला अभिलेखांच्या खोलीतून क्षितिजा बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काकू," ती मराठीतच म्हणाली, "रजिस्टर नाहीये."

२

क्षितिजा नागपूरची, तेवीस वर्षांची. कॉम्प्युटरमध्ये एम. एस्सी. करत होती आणि आठवड्याचे काही तास जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर उतरवायचं काम करत होती. खोलीच्या नोंदवहीत शेवटची सही तिची होती. गुरुवारी पावणेचारला तिनं रजिस्टर खोलीतल्या टेबलावर ठेवलं, खोलीला कुलूप लावलं, किल्ली पोर्टरच्या फळीवर अडकवली आणि चारच्या तासाला गेली. शुक्रवारी ती आली नव्हती.

दुपारपर्यंत सगळं कॉलेज हिरव्या रंगाच्या शोधात होतं. कपाटांच्या मागे, पत्र्याच्या खोल्यांत, कचऱ्याच्या मोठ्या डब्यात. एक हिरवा टेलिफोन डिरेक्टरीचा गठ्ठा, एक हिरवी छत्री आणि कुणाचं तरी हिरवं स्वेटर सापडलं.

रजिस्ट्रार डर्मट क्विननं प्रमोदिनीला बोलावून घेतलं. क्विन सभ्य माणूस होता; वाईट बातमी देताना तो समोरच्याला आधी खुर्ची द्यायचा.

"बसा ना. शुक्रवारी दोन वाजता शिस्त समिती बसेल. तुम्हाला तिची भाषा येते. तिला विचारा, पुस्तक कुठे आहे."

"तिनं घेतलं असं कशावरून?"

"घेतलं असं मी म्हणत नाही. पण वहीत सही तिची आहे. ठपका आला, तर चांगल्या वर्तणुकीचं पत्र मला देता येणार नाही."

ते पत्र म्हणजे काय, हे प्रमोदिनीला ठाऊक होतं. महिनाअखेर क्षितिजाचं गार्डांकडचं, म्हणजे आयरिश पोलिसांकडचं, नोंदणीचं कार्ड संपत होतं. पत्राशिवाय कार्ड नाही, कार्डाशिवाय मुक्काम नाही. दीड वर्षाचं शिक्षण अर्धं सोडून पोरीनं नागपूरला उतरायचं, आणि विमानतळावर बापाला काय सांगायचं?

"शुक्रवारी आमचं लक्ष्मीपूजन आहे," प्रमोदिनी म्हणाली.

"अरे वा," क्विन म्हणाला. "ते चांगलं असतं ना?"

३

मंगळवारी प्रमोदिनीनं आधी मॉसीला गाठलं. त्याच्या टपरीवजा खोलीत दोन मग भरून चहा नेला.

"गुरुवारी चारनंतर त्या खोलीत कोण गेलं?"

"कुणी नाही."

"किल्ली?"

"फळीवर. हलली नाही. आणि ऐका बाईसाहेब, हिरवं म्हणून काही या फाटकातून बाहेर गेलेलं नाही. माझे गुडघे गेले असतील, डोळे नाही."

हिरव्याबद्दलचं तो तिच्याकडे बघून बोलला, किल्लीबद्दलचं मगाकडे बघून. प्रमोदिनीनं ते मनात टिपून ठेवलं.

मग मोरीन. मोरीन एकतीस वर्षं प्राध्यापक डेलाहंट यांची सेक्रेटरी होती. डेलाहंट आता कॉलेजचे मानद अध्यक्ष होते, आठवड्यात एक वर्ग घ्यायचे आणि चाळीस वर्षांचा इतिहास लिहायचे. मोरीनच्या टेबलावर छोट्या पिवळ्या चिठ्ठ्यांची रांग होती: 'मंगळवार आहे.' 'चष्मा खिशात.' 'समारंभ पुढच्या शनिवारी, या नव्हे.'

"सरांच्या भाषणाची तयारी," मोरीननं चिठ्ठ्यांवर हात ठेवला.

"गुरुवारी सर आले होते?"

"गुरुवारी? नाही. गुरुवारी ते घरी होते. त्यांना सर्दी झालीय. आणि प्रमोदिनी, तू पुस्तकं चिकटवतेस ना? मग पुस्तकं चिकटव."

प्रमोदिनी उठली. दारातच तिला मॉसीची सोमवार सकाळची कुरकुर आठवली. रोज पार्किंगपर्यंत जा, रोज परत या. मॉसीकडे गाडी नव्हती. तो बसनं यायचा. मग रोज पार्किंगपर्यंत तो कुणाला सोडायला जात होता?

४

हर्षवर्धन पस्तिशीचा, पुण्याचा. किलमोरात दोन वर्षांच्या करारावर शिकवत होता. ल्यूकनच्या मराठी मंडळींत तो 'प्रोफेसर' म्हणून मिरवायचा आणि कॉलेजात फोटोकॉपीच्या मशीनपुढे उभा दिसायचा.

"ताई, तू यात पडू नकोस," त्यानं आल्या आल्या सांगितलं. "पोरगी वेंधळी आहे. कुठेतरी ठेवलं असेल."

"तू गुरुवारी चारला कुठे होतास?"

"मी? माझ्या खोलीत. पेपर तपासत होतो. आता मी पण संशयित का? बरंय, घरी सांगतो, बढती मिळाली."

"कुणाचे पेपर?"

त्यानं हातातले कागद सरळ केले. "माझेच. आणखी कुणाचे असणार?"

संध्याकाळी क्षितिजा प्रमोदिनीच्या स्वयंपाकघरात बसून पोह्यांत चमचा फिरवत होती. खात नव्हती. प्रमोदिनीनं तिची वही मागितली. गुरुवार, चार वाजता. वेळापत्रकावर नाव डेलाहंट सरांचं, वहीत वर लिहिलेलं 'हर्षवर्धन सर'. प्रमोदिनीनं मागची पानं उलटली. सप्टेंबरपासून सगळे गुरुवार हर्षवर्धनचे.

"अगं, हा तास डेलाहंट सरांचा ना?"

"हो, पण हर्षवर्धन सर म्हणाले कुणाला बोलू नका. डेलाहंट सर पुस्तक लिहितात म्हणून." क्षितिजानं खाली बघितलं. "पहिल्या तासाला ते आले होते, काकू. एकच गोष्ट तीनदा शिकवली. चौथ्यांदा सुरू केली तेव्हा हर्षवर्धन सर आत आले."

प्रमोदिनीनं वही मिटली. एकमेकांबरोबर कधी चहासुद्धा न पिणारी तीन माणसं गुरुवारच्या एकाच तासाबद्दल खोटं बोलत होती.

"आणि तू?" तिनं विचारलं. "तू काय लपवतेयस?"

क्षितिजाच्या हातातला चमचा बशीवर पडला. तो उचलून ती पुन्हा पोहे ढवळायला लागली.

५

बुधवारी सकाळी प्रमोदिनी अभिलेखांच्या खोलीत एकटी जाऊन बसली. खोली लहान, एका खिडकीची. सगळ्यांनी ती तीनदा शोधली होती, पण शोधणाऱ्यांच्या डोळ्यांत हिरवा रंग होता. केराची टोपली कुणी बघितली नव्हती. टोपलीत रजिस्टर मावत नाही.

तळाशी कागदाचे कपटे होते, आणि त्यांत बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या. खाकी. दोन्ही एकाच मापाच्या, एक टोक सरळ, दुसरं किंचित निमुळतं.

क्विनला त्या दाखवल्या असत्या, तर तो म्हणाला असता, कागद आहे. गार्डांनी पिशवीत भरून नंबर दिला असता. पण प्रमोदिनीनं दोन मुलांच्या शाळेची बारा-बारा वर्षं दर जूनमध्ये रात्रीच्या जेवणानंतर तो कारखाना चालवला होता: कागद पसरायचा, वही मधोमध ठेवायची, कण्यापाशी वर आणि खाली दोन-दोन चिरा द्यायच्या, मधली पट्टी कापून टाकायची, आणि मग कडा आत मुडपायच्या. अशा पट्ट्या सकाळी झाडूत ओंजळभर निघायच्या.

तिनं क्षितिजाला वर्गातून बाहेर बोलावलं आणि तळहात उघडला.

"कव्हर घातलंस?"

क्षितिजा रडायलाच लागली. "त्याचं कापड झडत होतं हो काकू. हात हिरवे व्हायचे, सोनेरी अक्षरांचा चुरा पडायचा. आईच्या फराळाच्या पार्सलाचा कागद होता, छान कोरा, टाकवत नव्हता. म्हटलं समारंभापर्यंत नीट राहील. लेबलपण लावलं. नाव घालायचं राहिलं होतं."

"आणि चिकटवलंस कशानं?"

"सेलोटेपनं," क्षितिजा पुटपुटली.

प्रमोदिनीनं डोळे मिटले. अभिलेखांच्या खोलीत सेलोटेप म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर चपला. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, चिकटपट्टी आणणाऱ्यास प्रवेश नाही.

"म्हणून गप्प बसलीस? अगं बाई, सगळं गाव हिरवं पुस्तक शोधतंय!"

"मला वाटलं, सापडल्यावर हळूच काढून टाकीन."

प्रमोदिनी तिथून सरळ मॉसीकडे गेली. चहा न घेता.

"मॉसी, हिरवं नाही. खाकी. शाळेच्या पुस्तकासारखं, खाकी कागदाचं कव्हर. गेलं का असं काही फाटकातून?"

मॉसीनं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"ते होय," तो म्हणाला. "ते त्यांचंच होतं. ते म्हणाले, माझं आहे."

६

डेलाहंट सरांचं घर कॉलेजपासून चालत बारा मिनिटांवर होतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. गुरुवारी दुपारी त्यांनी स्वतः दार उघडलं. टाय, जाकीट, बुटांची पॉलिश, सगळं जागच्या जागी. त्यांनी प्रमोदिनीला चहा दिला. साखरेचं भांडं परत ठेवायला आत गेले आणि येताना दुसरा कप घेऊन आले. तिनं तोही घेतला.

जेवणाच्या टेबलावर खिडकीखाली ते पुस्तक होतं. खाकी कव्हर, चारही कोपरे काटकोनात मुडपलेले. पोरीचा हात चांगला होता. लेबलावर शाईच्या पेननं, वळणदार, मुलाच्या अक्षरांत लिहिलेलं होतं: फिंटन डेलाहंट, इयत्ता चौथी.

"छान कव्हर आहे," प्रमोदिनी म्हणाली.

"आई घालते," सर म्हणाले. "दर सप्टेंबरला. शेजारच्या घरी भिंतीच्या कागदाचे उरलेले तुकडे वापरतात, फुलाफुलांचे. आमच्याकडे मात्र खाकीच. तुमच्याकडे?"

"आमच्याकडेपण खाकीच. जूनमध्ये."

"जूनमध्ये तर सुट्टी असते," सर हसले. मग त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, दिवा किंचित मंद व्हावा तसं. त्यांनी पुस्तक उघडलं, पहिल्या पानावरच्या अकरा नावांवरून बोट फिरवलं. "ही मुलं कुठे गेली?" त्यांनी विचारलं. आवाज आता एकाहत्तर वर्षांच्या माणसाचा होता. "यातला एकही आता वर्गात दिसत नाही मला."

प्रमोदिनीला पुस्तक उचलून पिशवीत टाकता आलं असतं. उद्या दोन वाजता त्याची गरज होती. पण चौथीतल्या मुलाचं पुस्तक त्याच्यासमोर कसं उचलायचं?

"सर, उद्या हे कॉलेजात आणाल? दोन वाजता. मॉसी कुणाला तरी घ्यायला पाठवेल."

"आणीन की." त्यांनी खिशातून एक पिवळी चिठ्ठी काढली, त्यावर लिहिलं, आणि ती पुस्तकाखाली ठेवली. मग तिला विचारलं, "चहा घेणार ना?"

७

शुक्रवारी दीड वाजता स्टाफच्या चहाच्या खोलीत प्रमोदिनीनं दार लावून घेतलं. आत तिघं होते: मॉसी, मोरीन आणि हर्षवर्धन.

"मी बोलते, तुम्ही ऐका. चुकलं तर थांबवा," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात, गुरुवारी सर आले होते. मोरीन, तू नाही म्हणालीस, कारण ते हल्ली कुठे जातात हे तुलाही ठाऊक नसतं, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी ती अभिलेखांची खोली त्यांचं ऑफिस होती. ते अजून तिथेच जातात. मॉसी त्यांना दार उघडून देतो, तासभर बसू देतो, मग गाडीपर्यंत नेतो आणि शेजारच्या कुणाला तरी गाडी चालवायला बसवतो."

"माझ्या भाच्याला," मॉसी म्हणाला. "सरांच्या गाडीच्या किल्ल्या आम्ही उन्हाळ्यातच काढून घेतल्या."

"त्यांचा तास हर्षवर्धन घेतो. पेपरही तोच तपासतो. त्या दिवशी टेबलावर खाकी कव्हरचं, बिननावाचं पुस्तक होतं. सरांना ते लहानपणीचं वाटलं. मॉसीनं खाकी पुस्तक जाताना बघितलं, पण सगळे हिरवं शोधत होते, म्हणून त्याला वाटलं, आपले सर यात नाहीत. बरोबर?"

किटली उकळून आपोआप बंद झाली. कुणी उठलं नाही.

"ताई," हर्षवर्धन मराठीत, घाईघाईनं म्हणाला, "कपाटामागे सापडलं म्हणू या. विषय संपला. हे बाहेर आलं तर गेल्या वर्षीचे सगळे निकाल उघडतील. त्यावर सही सरांची आहे, अक्षर माझं. माझं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय गं!"

"कपाटामागे सापडलं, तर हलगर्जीपणा क्षितिजाचा. पत्र नाही. ती परत."

"तरुण आहे ती. दुसरीकडे कुठेतरी..."

"तूही तरुण आहेस, हर्षवर्धन."

त्याची मान इतकी खाली गेली की प्रमोदिनीला बोलल्याचं वाईट वाटलं. ती मोरीनकडे वळली. मोरीन हातातला कोरडा कप पुसत होती.

"मग तूच का सांगत नाहीस?" मोरीननं विचारलं. "सगळं शोधून काढलंस ना, हुशार बाई?"

"मी इथे तीन वर्षं आहे, मोरीन. मी सांगितलं तर ती चहाडी होईल. रजिस्टर कुठे होतं, एवढं मी सांगेन. त्यापुढचं माझ्याच्यानं होणार नाही."

"ते घरी बसले तर महिन्याभरात संपतील," मोरीन म्हणाली. "हे कॉलेज म्हणजेच त्यांचं सगळं डोकं आहे."

दोन वाजायला पाच मिनिटं होती.

८

समितीची बैठक बंगल्याच्या जुन्या दिवाणखान्यात होती. टेबलाच्या टोकाला, अध्यक्षांच्या खुर्चीत, नेहमीप्रमाणे डेलाहंट सर. शेजारी क्विन. मोरीन इतिवृत्ताची वही घेऊन. हर्षवर्धन विभागाचा प्रतिनिधी म्हणून, मॉसी आणि प्रमोदिनी साक्षीदार म्हणून भिंतीकडेच्या खुर्च्यांवर. क्षितिजा एकटी समोर. सणाचा दिवस म्हणून की काय, तिनं कपाळाला छोटी टिकली लावली होती.

क्विननं घसा साफ करायच्या आतच सरांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"हे मागितलं होतंत ना कुणीतरी?"

क्विननं कव्हरची कड उचलली. खाली हिरवं कापड, झडलेली सोनेरी अक्षरं. तो इतका खूश झाला की उभाच राहिला.

"शोधलंत तुम्ही! कुठे सापडलं, सर?"

"सापडलं कुठे? माझंच आहे. नाव आहे की त्यावर."

क्विननं लेबल वाचलं, क्षणभर थांबला आणि मग मोठ्यानं हसला. "सरांची गंमत!" मॉसीही हसला, थोडा उशिरा. हर्षवर्धन खिडकीबाहेरच्या क्रेनकडे बघत राहिला.

"ते सरांच्या घरी होतं," भिंतीकडून प्रमोदिनी म्हणाली. "काल मी तिथे पाहिलं."

"म्हणजे सरांनी सांभाळून ठेवलं होतं," क्विन चटकन म्हणाला. "मुलीनं उघड्यावर टाकलेलं पाहिलं आणि सुरक्षित जागी नेलं. हो ना, सर?"

सर त्याच्याकडे सभ्यपणे बघत होते. उत्तर द्यायला हवं, एवढं त्यांना कळत होतं.

"असेल," ते म्हणाले.

"उत्तम. मोरीन, लिही. रजिस्टर अध्यक्षांच्या दक्षतेमुळे परत मिळालं. विद्यार्थिनीचा हलगर्जीपणा, आणि शिवाय ही चिकटपट्टी. ठपका नोंदवावा. पत्राचं नंतर बघू."

क्षितिजानं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. ती रडली नाही. टेबलापलीकडून तिनं फक्त प्रमोदिनीकडे बघितलं, आणि प्रमोदिनीनं मोरीनकडे.

मोरीनचं पेन हललं नव्हतं.

"या मुलीला कशाबद्दल बोलताय?" सरांनी विचारलं. "तिनं काय केलंय?"

"काही नाही, सर," मोरीन म्हणाली. "तिनं तुमच्या पुस्तकाला कव्हर घातलं."

"मग छान आहे की."

"मोरीन, लिहितेयस ना?" क्विननं विचारलं.

"नाही." तिनं वही मिटली. खुर्ची ओढून ती सरांच्या जवळ सरकली. टेबलावर पसरलेल्या त्यांच्या हातावर एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं आपला हात ठेवला. खोलीतल्या बाकीच्यांकडे तिनं बघितलंच नाही.

"फिंटन," ती म्हणाली, "पुस्तक तुम्ही नेलंत, आणि नेल्याचं तुम्हाला आठवत नाही. तुम्हाला आता बरंचसं आठवत नाही. दोन वर्षं झाली, आणि आम्हा सगळ्यांना ते माहीत आहे."